केमच्या विहिरीवरची यारी

केमला हौसेनं जाणारा माणूस मी नव्हे. पण बहात्तरच्या दुष्काळात, दसरा नुकताच झालेला, आणि साहेबांनी बोलावून सांगितलं, "यारीचा ब्रेक सुटून विहिरीत माणूस गेलाय. दोष मशीनचा की चालवणाऱ्याचा, तपासून लिहून आणा." सोलापूरहून पॅसेंजरनं निघालो.

तिकडं जाणार असाल तर भाकरी बांधून न्या; तेव्हा स्टेशनाबाहेर चहा तेवढा मिळायचा. पुढं बैलगाडी, आणि धुरळा असा की दात करकरतात. केमचं कुंकू नावाजलेलं, पण त्या दिवशी मला तो लाल रंग बघवेना.

यारी म्हणजे विहिरीतला दगड वर ओढणारं इंजिनाचं यंत्र. ती चालवायचा बापू. खाली दगड भरायचा त्याचाच थोरला भाऊ, नामा. दसऱ्यानंतर काम सुरू झालं आणि वर आलेली पहिलीच भरली बादली सुटून नामावर पडली.

खाली कुणी नाही हे बघून मी दगड भरून बादली टांगली, ब्रेक दाबला. थांबतेय कुठली! सरकतच राहिली. ब्रेकचा पट्टा चाचपला, तर बोटं तेला-कुंकवानं माखली. रॉकेलनं पुसून पुन्हा वजन टांगलं. बादली जागच्या जागी थांबली. मशीन ठणठणीत होतं हो!

"ब्रेकला तेल कुणी लावलं रे?" मी ओरडलोच.

"आईनं," बापू हळूच म्हणाला. "खंडेनवमीला. मशीन म्हंजी लक्ष्मी, म्हणून तेलानं न्हाऊ घातलं. सायेब, माजा हात सुटला असं लिवा. आईला कळू देऊ नका, पाया पडतो."

"डोकं फिरलंय का? नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ द्या की."

"आणि बाकीच्या विहिरी? तिथंही बायकांनी तेलच ओतलं असेल!" राग आला आणि रडूही.

मागं बापूची म्हातारी आई चहा घेऊन उभी होती. सगळं ऐकलं होतं तिनं. कप खाली ठेवले, यारीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "लिवा सायेब. दुसरीचं पोर तरी वर येऊ द्या."

मी 'पूजेचं तेल' एवढंच लिहिलं, तिचं नाव घातलं नाही.

पुढल्या वर्षी बापू सोलापुरात भेटला. म्हणाला, खंडेनवमीला आई आसपासच्या विहिरींवर फिरते. कुणी तेलाची वाटी आणली की आडवी येते. "कुंकू लावा, तेल नको," म्हणते. का म्हणून विचारलं, तर सांगते, "म्या लावलं हुतं."