झुबेदाभाभी पंच झाल्या त्याची गोष्ट

कवठे महांकाळच्या पेठेत पोलिसांची जीप थांबली आणि भाऊसो हवालदार खाली उतरून "दोन पंच पायजेत" म्हणाले, की भली भली माणसं कामाला लागतात. कापडवाल्याला अचानक भूक लागते, चपलांच्या दुकानदाराला ऐकू येईनासं होतं. पंच व्हायचं म्हणजे पोलिसांनी झडती घेताना शेजारी उभं राहून सगळं बघायचं, पंचनाम्यावर सही करायची आणि पुढं केव्हातरी कोर्टात जाऊन तेच सांगायचं. त्या 'पुढं केव्हातरी'लाच माणसं भितात.

झुबेदाभाभी त्या दिवशी पळू शकल्या नाहीत. त्यांचं बांगड्यांचं दुकान, आणि शेजारच्या बनुबाईंना त्या बांगड्या भरत होत्या. काचेची हिरवी बांगडी बनुबाईंच्या अंगठ्याच्या हाडापाशी अडकली होती. पुढं जाईना, मागं येईना. हवालदारांनी दारातून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"झडती बाईच्या घराची हाय. दोन बायका पंच लागत्यात. दोगी हितंच घावल्या की!"

"आवं पर, पंचाला काय लागतंय ते तर सांगा," झुबेदाभाभी म्हणाल्या.

"काय न्हाई. चारचौघांत नाव चांगलं पायजे, डोकं ठिकाणावर पायजे, आन दोन्ही पार्ट्यांत कुणाशी नातं नको."

"माजं डोकं कवाच ठिकाणावर नसतं," बनुबाई घाईनं म्हणाल्या. "आमच्या मालकांना इचारा."

"ते नंतर इचारू. बसा गाडीत."

झुबेदाभाभींना मात्र 'नाव चांगलं' हे शब्द लागले. पन्नाशी गाठली तरी आजवर त्यांना तसं कुणी तोंडावर म्हटलं नव्हतं. त्यांचे मालक निजाम मागच्या खोलीत लाखेच्या बांगड्यांना खडे लावत बसत. त्यांच्या मते बायकोचं नाव आवाजामुळं झालं होतं. तालुक्यातल्या निम्म्या बायकांची मनगटं झुबेदाभाभींना पाठ, आणि मनगटाबरोबर त्यांच्या घरची भांडणंही. तरीही आपण फार कमी बोलतो, असा त्यांचा प्रामाणिक समज होता.

प्रकरण असं होतं. रिटायर सुभेदार राजवर्धन यांच्या घरातून त्यांच्या पत्नीची, संयोगितावहिनींची, बोरमाळ गेली होती. संशय होता घरकाम करणाऱ्या शेवंतावर. शेवंताचं घर गावाच्या टोकाला, दोन खोल्यांचं. लेडी पोलिसांनी झडती घेतली, एक पोलीस मोबाईलवर शूटिंग करत होता. कॅमेरा वळेल तसा बनुबाई पदर सारखा करत होत्या. ज्वारीच्या पत्र्याच्या पिंपात हात घातला तर बोरमाळ निघाली.

हवालदारांनी लिहिलेला पंचनामा वाचून दाखवला. "...घरात ठेवलेल्या पिंपात मुद्देमाल मिळून आला."

"घरात न्हाई," झुबेदाभाभी म्हणाल्या. "पिंप भायेरच्या उघड्या सोप्यात हाय."

"सोपा घराचाच की, भाभी."

"सोप्याला दार न्हाई. पंचानं बगितलं तेच सांगायचं असतंय न्हवं? मग तसं लिवा. न्हाईतर मी सही करत न्हाई."

हवालदारांनी कपाळाला हात लावला. पण लिहिलं.

वर्ष-दीड वर्ष गेलं आणि दोघींना समन्स आलं. ते येताच झुबेदाभाभींचा धंदा वाढला. आधी सुभेदारांच्या भावकीतल्या बायका बांगड्या भरायला आल्या. जाता जाता म्हणाल्या, "घर म्हंजे सोपा आलाच की त्यात." मग शेवंताच्या माहेरच्या आल्या. "सोपा किती उघडा हाय, तुमी बगितलायच." भाभींनी दोन्हीकडच्या बायकांचं सगळं ऐकून घेतलं, दोन्हीकडच्या हातांत डझन डझन बांगड्या भरल्या आणि शब्द कुणालाच दिला नाही. "असंच रोज पंचनामं व्हायला पायजेत," निजाम आतून म्हणाले.

कोर्टात त्या पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. शपथ झाली. काय घडलं ते सांगा, म्हटल्यावर त्यांनी बनुबाईंच्या अंगठ्यापासून सुरुवात केली. जज्ज एक तरुण बाई होत्या. त्यांनी हसू दाबत मुद्द्यावर यायला सांगितलं. मग शेवंताचे वकील धैर्यशील उठले.

"सोप्याला दार नाही. म्हणजे त्या पिंपात कुणीही काहीही टाकू शकतं, बरोबर?"

"कुणी टाकलं, कुणी न्हाई, ते मी बगितलं न्हाई. दार न्हाई, ते बगितलं."

वकील खूश होऊन खाली बसले. पण भाभींचं संपलं नव्हतं. "आता मला इचाराल, तर माजं मत..."

"तुमचं मत विचारलेलं नाही," जज्ज शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही जाऊ शकता."

आलेलं मत तोंडातच ठेवायची वेळ भाभींवर जन्मात पहिल्यांदा आली होती. परतताना वडापच्या जीपमध्ये बनुबाईंशेजारी बसल्या बसल्या ते बाहेर पडलं.

"बनुअक्का, बोरमाळ शेवंतानंच घेतली. दुसरं कोण घेणार?"

बनुबाई उडाल्याच. "मग दाराचा हट्ट कशाला धरलासा, ओ?"

"दार न्हवतं म्हणून."

"तिनं घेतली न्हाई. तिचं डोळं बगितलं मी."

"डोळं बगून काय कळतंय? मनगट बगा माणसाचं."

गाडी गावात येईपर्यंत दोघी भांडत होत्या, आणि पुढचे कित्येक दिवस भांडतच राहिल्या. दरम्यान संशयाचा फायदा मिळून शेवंता सुटली. संयोगितावहिनी तेव्हापासून बांगड्या भरायला मिरजेला जाऊ लागल्या. भाभींना ते फार लागलं, पण 'मिरजेच्या बांगड्या लगेच फुटतात' एवढंच त्या सगळ्यांना सांगत राहिल्या.

एका दुपारी शेवंता दुकानात आली. तिला आता कॉलेजच्या कँटीनमध्ये काम मिळालं होतं. पायरीवर उभी राहूनच तिनं हात जोडले.

"हात जोडू नगंस," भाभी म्हणाल्या. "मी काय तुज्या बाजूनं बोलले न्हाई."

"ठाव हाय." शेवंता थोडी थांबली. "पर भाभी, खरं सांगा. तुमाला काय वाटतं? मी घेतली आसंल?"

इतके दिवस बनुबाईंशी भांडताना सांगितलेलं ते मत भाभींच्या ओठांवर तयार होतं. त्यांनी शेवंताकडं बघितलं. कपाटातले डबे उगाच इकडचे तिकडं केले. दुकानात इतकी शांतता निजामनी संसारात कधी ऐकली नव्हती. बायकोला बरं नाही की काय म्हणून ते खड्यांची डबी हातात घेऊनच बाहेर आले.

"मी न्हाई घेतली," शेवंता म्हणाली.

"बरं," भाभी म्हणाल्या. "च्या घेतीस?"

शेवंता आत येऊन बसली. चहा पिताना कँटीनच्या कामाचं बोलणं झालं, दुसरं काही नाही. संध्याकाळी बनुबाई आल्या आणि त्यांनी नेहमीचा वाद उकरून काढला.

"मला ठाव न्हाई, अक्का," झुबेदाभाभी म्हणाल्या.

आता भांडायचं तरी कुणाशी, या विचारानं बनुबाई जराशा नाराजच झाल्या.