परत फिरताना विचारायचं नाही

अरुणदादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी नागपुरात लकडगंजला आमच्या लाकडाच्या टालावर होतो. आरा सुरू होता, त्यामुळे पहिल्यांदा काही ऐकूच आलं नाही. आरा थांबवायला लावून मी फोन पुन्हा कानाला लावला. पलीकडे मृणाल होती, दादाची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, आता त्याच्या हाताखाली शिकवणारी. थायलंडमधल्या कुठल्याशा बेटावरून बोलत होती. "काका, आम्ही तिघं बाहेर आलो. पण सर... सर गेले." सख्खा भाऊ गेल्याचं कळल्यावर माणसाला रडू यायला हवं. माझ्या डोक्यात मात्र आधी हेच आलं की ही पोरगी 'आम्ही बाहेर आलो' हे आधी का सांगते आहे? माझा स्वभावच तसा आहे. ओंडका कितीही देखणा असो, ठोकून पाहिल्याशिवाय मी हो म्हणत नाही. बाहेरून सागवान आणि आत नुसता भुसा असा माल मी पुष्कळ पाहिला आहे, आणि माणसंही.

दादा माझ्याहून बराच मोठा. आमचं आजोळ पारशिवनीजवळचं. तिथल्या शेतातल्या विहिरीत त्यानं मला पोहायला शिकवलं, म्हणजे कमरेला दोर बांधून सरळ ढकलून दिलं. थोरला टाल सांभाळेल असं वडील धरून चालले होते. तो नौदलात गेला, पाणबुड्या झाला, आणि नोकरी संपवून परत आला तो थेट नागपुरात पाण्याखाली उतरायचे धडे द्यायला. समुद्र इथून एक दिवस-रात्रीच्या प्रवासावर. सगळं गाव हसलं. मी तर तोंडावरच म्हटलं, "दादा, नागपुरात कोण शिकंन गा हे?" तो म्हणाला, "ज्याले समुद्र रोज दिसते त्याले त्याची भीती नाही राहत. आपल्या लोकाइले वाटते भीती. भिणारा माणूस नीट शिकते." आणि खरंच, दरवर्षी पाच-सहा पोरं यायची. भाड्यानं घेतलेल्या पोहण्याच्या तलावात शिकायची, मग तो त्यांना समुद्रावर न्यायचा, आणि त्यातल्या अगदी तयार झालेल्यांनाच पाण्याखालच्या गुहेत.

गुहेचं नाव निघालं की मी विषय बदलायचो. उघड्या समुद्रात घाबरलं तर निदान वर तरी येता येतं. इथं डोक्यावर दगड. आत गेलो त्याच वाटेनं बाहेर यायचं, दुसरी वाट नाही. दादा समजावून सांगायचा. तोंडाशी दोर बांधायचा आणि तो सोडत सोडत आत जायचं. बाहेरचा उजेड दिसेनासा होईल तिथून एक हातही पुढं सरकायचं नाही. पाय जपून हलवायचे, कारण तळाचा गाळ उठला की हातातला दिवासुद्धा दिसत नाही. पाठीवरच्या हवेचे तीन भाग धरायचे, एक जायला, एक यायला, आणि तिसऱ्याला हात लावायचा नाही, तो अडचणीसाठी, आपल्या नाहीतर सोबत्याच्या. दुसऱ्यानं तपासलेली नळी तो पुन्हा तपासायचा, स्वतः तपासलेली दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा. या बाबतीत आम्ही दोघं एकाच आईचे, विश्वास म्हणून कशावर ठेवायचा नाही.

त्याचा एक नियम मात्र मला कधी पटला नाही. आत असताना कोणीही, अगदी नवशिक्यानंही, परत फिरायची खूण केली की सगळ्यांनी तिथल्या तिथं फिरायचं. आणि वर आल्यावर 'काहून?' असं कोणी विचारायचं नाही. एकदा जेवताना मी यावरून त्याच्याशी भांडलो होतो. एवढा खर्च करून जायचं, कोण्या भित्र्यानं त्यावर पाणी फिरवायचं, आणि त्याला जाबही विचारायचा नाही? हा कुठला न्याय? दादा पोळीचा घास हातात धरून म्हणाला, "आज विचारलं ना, तर दुसऱ्या वेळी तो खूण कराले लाजते. अन् आत लाजला तो मेला." मी म्हटलं, असं न विचारल्यानं चोराचं फावतं. तो हसून घास खाऊ लागला.

तो गेल्यावर मला हेच भांडण आठवत राहिलं. तिथल्या डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहून दिलं होतं. हृदय हे झाकण कुठल्याही भांड्यावर बसतं, म्हणून मी ते बाजूला ठेवलं. बाकीचं जुळवून पाहिलं. पाठीवरच्या हवेतली बरीचशी तशीच शिल्लक होती. दिवे सुरू होते, दोर जागेवर होता. मग गुहेत शिरून थोडा वेळ होतो न होतो तोच सगळे परत का फिरले? कुठंतरी पाणी मुरत होतं. तेरवीला आमच्या नातेवाइकांची कुजबुज चाललेलीच होती की पोरगी घाबरली असंल, तिले सावरता सावरता हा गेला. मृणाल ओसरीच्या टोकाला खाली मान घालून बसली होती. मी तिला बाजूला घेऊन विचारलं, खूण कोणी केली? ती म्हणाली, "काका, ते सांगायचं नसते." माझी खात्रीच पटली की खूण हिनंच केली. ज्याच्या मनात काही नसतं तो असं बोलत नाही, असं मला वाटलं, आणि त्या दिवशी मी तिला जेवायलाही म्हटलं नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी ती दादाचं सामान पोचवायला त्याच्या घरी आली. वहिनी आत चहा टाकत होती. मी ठरवूनच बसलो होतो. आज सोक्षमोक्ष लावायचा. मी दार लोटलं आणि म्हणालो, "हे पाह्य, माहा भाऊ गेला आहे. मले तुहे नियम नको सांगू. खूण कोणी केली?"

तिनं लोटलेल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाली, "सरनं."

"काहून?"

"विचारलं नाही. विचारायचंच नसते... त्याइनं खूण केली, मी फिरली. दोघं पोरं पुढं, मग सर, मागं मी. गुहेच्या तोंडाशी उजेडात आलो अन् त्याइनं छातीवर हात ठेवला."

"मग आतापर्यंत चूप काहून होती तू? लोक तुलेच बोल लावून राहिले."

"लाऊ द्या. नाही तर म्हणतील, तब्येत बरी नसून उतरले, दुनियेले शिकवणारा स्वतःच चुकला. माहं काय जाते, मी जिवंत आहे." तिनं दादाच्या सामानावर हात ठेवला. "काका, परत फिरताना विचारायचं नसते. पण उतरताना विचारायचं असते. प्रत्येकानं प्रत्येकाले. मी त्याइच्या नळ्या पाहिल्या, दिवे पाहिले. सकाळी त्याइनं नाश्ता तसाच ठेवला, तेही पाहिलं. पण बरं आहे काय, हे नाही विचारलं. सर आहेत ना... त्याइले मी कशी विचारू?"

मला तिचा भयंकर राग आला, हे लपवत नाही. एक प्रश्न, पोरी, एक साधा प्रश्न. पण तो राग फार वेळ धरता आला नाही, कारण आपल्याकडे मोठ्या माणसाला असं विचारतं कोण? लहानांना आपण उठता-बसता 'काहून' विचारतो. मोठ्यांच्या पाया पडतो, पण तुम्हाला आज धड वाटतंय का, असं विचारणं म्हणजे आगाऊपणा. दादानं पोरांना सगळं शिकवलं, फक्त त्याच्याबद्दलचा धाक त्याला त्यांच्या मनातून काढता आला नाही. आणि ती दोन पोरं आणि ही, तिघं आज नागपुरात चालत-बोलत आहेत ते ती त्या वेळी कारण विचारत बसली नाही म्हणूनच. थांबली असती तर दादा आतच कोसळला असता आणि उठलेल्या गाळात कोणालाच वाट दिसली नसती. इतके दिवस मी खोटं शोधत होतो. खरं हाती आलं तेव्हा त्याचं काय करायचं ते मला कळेना, आणि मी दादासाठी पहिल्यांदा रडलो, तेही तिच्यासमोर.

वहिनीनं आतून सगळं ऐकलं होतं. तिनं चहाचा कप मृणालच्या हातात दिला आणि विचारलं, "तू नवी पोरं घेऊन जाणार होती ना वं समुद्रावर?" मृणाल म्हणाली, आता नाही उतरायची मी. वहिनी म्हणाली, "उतर. पण उतरायच्या आधी मले फोन करत जा."

वहिनी जन्मात कधी गुडघाभर पाण्यातही उतरली नाही. मृणालनं दादाचा क्लास पुन्हा सुरू केला, अंदमानला पोरं नेली, गुहेत नाही, अजून उघड्या समुद्रातच. समुद्रावर असली की रोज सकाळी तिचा फोन येतो. वहिनी हातातलं काम टाकून बसते. झोप झाली काय, काय खाल्लं, छातीत काही दुखते काय, पोरांपैकी कोणी गप्प आहे काय... मृणाल एकेकाचं उत्तर देते आणि वहिनी प्रत्येक उत्तराला थांबते. परवा टालावर जाताना मी वहिनीकडे डोकावलो तेव्हा असाच फोन स्पीकरवर चालू होता. सगळी उत्तरं ठीक होती, मी स्वतः ऐकली. वहिनीनं फोन जवळ ओढला आणि म्हणाली, "आज नको उतरू वं."

"बरं, काकू," पलीकडून मृणाल म्हणाली, आणि फोन बंद झाला.

वहिनी उठून भाजी निवडायला बसली. मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. 'काहून' अगदी ओठांवर आला होता. मग चपला घातल्या आणि टालावर गेलो.