चौघांचं एक ताट

देवळालीच्या लष्करी कॅम्पातला गोरा साहेब पसाऱ्याला ‘मेस’ म्हणतो आणि आपल्या जेवणघरालाही ‘मेस’च म्हणतो. असं का, हा प्रश्न तुम्हांला कधी पडला आहे का?

मला तो नाशिकच्या एका छापखान्यात पडला. मी तिथे मुद्रितं तपासत असे आणि पत्रकं लिहीत असे. ‘सर्वांची पंगत एक झालीच पाहिजे’ हे माझं ताजं पत्रक तिथल्या म्हाताऱ्या जुळाऱ्याने, चाचांनी, शिशाच्या अक्षराचा एकेक खिळा लावून जुळवलं होतं. चाचा मुसलमान. दुपारी आम्ही सारे खिडकीशी डबे सोडत असू. ते कागदाच्या गठ्ठ्यांआड एकटे जेवत. हे कोणी ठरवलं होतं कोणास ठाऊक, पण मोडलं कोणीच नव्हतं. मीही नाही. घरी कळलं असतं तर वडिलांनी मला पंगतीतून उठवलं असतं.

एकदा कॅम्पातून साहेबांच्या मेसमधल्या पदार्थांची यादी छापायला आली. मी तो शब्द मालकांच्या जाड कोशात काढला आणि थक्क झालो. मूळ लॅटिन, अर्थ ‘पाठवलेलं’. फ्रेंचांकडे तो ताटात वाढलेला पदार्थ झाला. इंग्लंडात एका ताटात जेवणाऱ्या चौघांना मेस म्हणू लागले. मग जनावरांपुढचं कालवलेलं खाद्य, आणि अगदी शेवटी गोंधळ! ज्याला नाक मुरडायचं त्या शब्दाच्या बुडाशी माणसं एका ताटाभोवती बसली होती! शेकडो वर्षं तो हे पोटात घेऊन फिरत होता. माझ्या अंगावर काटा आला.

धावत जाऊन चाचांना सांगितलं. ते हसले.

“वा, पंडित! गोऱ्यांचे चौघे जेवले. आपण दोघे कधी?”

“चाचा, घरी कळलं तर...”

“पत्रकात ‘घरी कळलं तर’ असं काही नव्हतं, बेटा. मी जुळवलंय, मला पाठ आहे.”

मी डबा घेऊन गठ्ठ्यांआड गेलो. चाचांनी शिशाने काळे झालेले हात धुतले आणि मान हलवली. “इथे लपून नाही. खिडकीशी चल.”

खिडकीशी एक जण डबा उचलून निघून गेला. बाकीचे खाली बघत जेवत राहिले. चाचांनी माझं वरण आणि आपला भात एका ताटलीत कालवला. मी पहिला घास घेतला, आणि त्या साध्या वरणभाताएवढं मोठं काही मी तोवर पाहिलं नव्हतं.

संध्याकाळच्या आत बातमी घरी पोचली. तेव्हापासून माझं पान ओसरीवर वाढलं जातं.

वाचकहो, हे वाचून नुसती मान डोलावू नका. उद्या दुपारी तुमच्या कचेरीत, कारखान्यात जो वेगळा बसतो, त्याला सर्वांदेखत आपल्या ताटाशी बोलवा.