सीताफळाखालचा व्हिडिओ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलाला नाही, सुनेला नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला पाहिजे होतं त्या नातीला, स्नेहलला, तर नाहीच. तुम्हाला सांगते. तुम्ही काही माझ्या घरी येणार नाही — तुमच्यापुढं तोंड चुकवायची वेळ यायची नाही, म्हणून असेल.

माझी शाळा चौथीपर्यंत. पुढं म्हशी होत्या. त्याचं रडगाणं गायचं नाही. एवढंच ध्यानात ठेवा, की मला वाचता येतं.

स्नेहल नववीत होती तेव्हाची गोष्ट. उमरीच्या शाळेत इंग्रजीच्या मॅडमनी चार-चार पोरींचे गट पाडले. एकेक पुस्तक वाचायचं आणि त्याचा व्हिडिओ करून आणायचा. आमच्या गटाच्या — बघा, अजून 'आमच्या' म्हणते मी — पुस्तकात एक खाष्ट म्हातारी होती. तिची सफरचंदाची बाग. पोरी चोरून फळं खातात, ती काठी घेऊन मागं लागते, मग हळूहळू त्यांचं जमतं. उमरीत सफरचंदाचं झाड कुठलं? आमच्या अंगणात सीताफळ होतं. आणि खाष्ट म्हातारी तर घरातच होती.

"आजी, तुम्हाला ॲक्टिंग करायचीच न्हाई. रोज करता तसंच करा," निलोफर म्हणाली.

"काठी खरीच बसंल हां."

"बसू द्या की. मार्क वाढतेल."

निलोफर गादीवाल्याची पोर. बापाच्या दुकानात कापूस पिंजला जायचा, त्याचे धागे हिच्या केसांत. चौघींत तीच हुशार, आणि तीच माझ्याशी न घाबरता बोलायची. मला एकच वाक्य होतं, तेही तिनं वहीच्या कागदावर मराठी अक्षरांत लिहून दिलं — 'कम इन, चिल्ड्रन.' पुस्तकातली म्हातारी शेवटी फाटक उघडून असं म्हणते.

चार रविवार पोरी आल्या. गोंधळ, भांडणं, ताटंभर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. अंगण चपलांनी भरलेलं. जुन्या टोपीला रिबिनी लावून त्यांनी माझ्यासाठी मडमेची टोपी केली. मी त्यांच्यासमोर पुष्कळ कुरकुर केली. सोमवारी घरी कुणी नव्हतं, तेव्हा ती घालून आरशासमोर उभी राहिले — एवढं सांगते आहे तर हेही सांगून टाकते.

सगळं चित्रण मुलाच्या जुन्या फोनवर व्हायचं. तो फोन घरीच असायचा. त्यावर पाहुण्यारावळ्यांचे सुप्रभातचे फोटो यायचे, गुलाबाचे, देवाचे, आणि फोन भरला की व्हिडिओ मधेच थांबायचा. मग निलोफरनं माझं बोट धरून शिकवलं. "हे फूल दाबून धरायचं, आजी. मग हा कचऱ्याचा डबा दाबायचा. जातंय." तेव्हापासून रोज सकाळी फोन रिकामा करणं हे माझं काम. मोठ्या दिमाखात करायची मी.

इथंच थांबावं असं वाटतंय. पण थांबून काय उपयोग?

चौथ्या रविवारी दुपारी निलोफरनं सगळे तुकडे जोडून टाकले आणि म्हणाली, "झालं. उद्या मॅडमला दाखवायचं." पोरींनी टाळ्या पिटल्या आणि सीताफळं फोडायला अंगणात पळाल्या. फोन माझ्याजवळ बाजेवर. झालं — म्हणजे काय? म्हणजे पुढच्या रविवारी कुणी येणार नाही. मग दहावी, ट्यूशन. त्यानंतर लातूर, तिथलं होस्टेल, तिथले क्लासेस. घरात त्याचंच बोलणं चालायचं. आणि व्हिडिओ नसलाच तर? परत करावा लागेल. परत करायचा म्हणजे आणखी चार रविवार.

मी फोन उचलला. एकेक तुकडा दाबून धरला. शेवटी जोडलेला होता, तोही. फोन मराठीतच विचारतो — 'कायमचे हटवायचे?' मी 'होय' दाबलं.

चुकून नाही. मला वाचता येतं, हे आधीच सांगितलं ना?

पोरी आत आल्या, फोन बघितला. एकच गिल्ला. शेवटी फोन कुणाच्या हातात होता? निलोफरच्या. स्नेहल तिच्या अंगावर ओरडली, "तूच उडवलास! लई शहाणी समजतीस स्वतःला."

"म्या न्हाई उडवला," निलोफर म्हणाली. "तो असाच कसा जाईल?"

स्नेहल माझ्याकडं वळली. "आजी, तू हात लावला होतास का?"

मी म्हणले, "मला काय कळतंय बाई त्यातलं?"

रोज सकाळी डबा दाबणारी मी. पण बाकीच्यांना ते खरं वाटलं. चौथी शिकलेल्या म्हातारीला काय कळणार? निलोफर मात्र माझ्या बोटाकडं बघत राहिली. मग माझ्या तोंडाकडं. तिनं चपला घातल्या आणि गेली.

परत चित्रण झालंच नाही. तिघींनी शाळेतच घाईघाईत काहीतरी केलं — माझ्याशिवाय, सीताफळाशिवाय आणि निलोफरशिवाय. मॅडमनी वर्गासमोर निलोफरला निष्काळजी म्हणलं. स्नेहलनं ते घरी येऊन सांगितलं, तेव्हा मी कणीक मळत होते. मळतच राहिले. दोघी पहिलीपासून एका बाकावर बसायच्या. त्यानंतर बोलल्या नाहीत. स्नेहल लातूरला गेली, मोठी झाली, आता सणाला येते. तिला मी सांगू शकले असते — दर सणाला.

मला ते रविवार हवे होते. अजून हवेत. दुपारी फाटकाची कडी वाजली की ते इंग्रजी वाक्य अजून ओठावर येतं. दारात दूधवाला असतो.

मागच्या वर्षी बसस्टँडवर निलोफर दिसली. कडेवर लेक. मी पदर पुढं ओढून घेतला, तरी तिनं ओळखलं. जवळ आली.

"आजी, तब्येत बरी हाय ना?"

"हाय."

"सीताफळ हाय का अजून?"

"हाय."

तिनं थोडा वेळ वाट बघितली. कशाची, ते मला कळलं होतं. मग तिची बस लागली. तिनं लेकीचा हात धरून मला टाटा करायला लावला आणि चढली.

व्हिडिओ मी उडवला होता. तेवढंही माझ्या तोंडून निघालं नाही.