रस्त्याकडे पाठ केलेली बस

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही, आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. आता ती नाही, म्हणून तुम्हाला सांगतो आहे — यात धीर कसला? जिला विचारायचा हक्क होता ती गेल्यावर तोंड उघडायला कितीसा धीर लागतो?

पण आधी घराबद्दल बोलू द्या. कारण घर चांगलं झालं. फार चांगलं झालं — हे लिहितानासुद्धा माझी मान थोडी ताठ होते, ती होऊ देतो.

आमचं घर म्हणजे शाळेची एक जुनी बस. सोनईच्या अलीकडे डांबरी रस्त्याला लागून आमचा जमिनीचा लहानसा तुकडा आहे, त्यात ती दगडी खांबांवर उभी आहे. रंग अजून पिवळाच. सुमन, माझी बायको, एकोणीस वर्षं त्याच बसवर मावशी होती. मुलांना हात धरून चढवायचं, उतरवायचं, कोणाला ओकारी झाली तर पुसून घ्यायचं, झोपलेल्याला त्याच्या थांब्याआधी जागं करायचं. आम्हाला मूल नाही. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. निवृत्त झालो तरी लोक गुरुजीच म्हणतात. दोघांचं सगळं आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत गेलं. बसची रस्त्यावर धावायची मुदत संपली, शाळेने ती मोडीत काढायचं ठरवलं, आणि त्या दिवशी सुमन घरी आली ती चपलाही न काढता म्हणाली, "अहो, बस मी घेतली."

"कशाला?"

"राहायला."

मी हसलो. ती हसली नाही. तेव्हा कळलं की हे ठरलेलं आहे.

सोनईत नवनाथचं वेल्डिंगचं दुकान आहे. तो माझा जुना विद्यार्थी, वर्गात मागे बसणारा, हाताला मात्र सोनं. त्याच्या आवारात बस दोन महिने उभी होती. सीटांचे बोल्ट इतके गंजले होते की ग्राइंडरने कापावे लागले. खालचा पत्रा उचकटला तर त्याखाली खोडरबर, टोपणं, केसांच्या पिना, एक चमचा. सुमन एकेक वस्तू उचलून कोणाची असेल ते सांगायची, आणि नवनाथ म्हणायचा, "काकू, असं करत बसलात तर घर पुढच्या जन्मी हुईल."

खरी अडचण उन्हाची होती. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याचा डबा म्हणजे भट्टी. मी पुस्तकं काढून बसलो, कुठल्या थराने किती उष्णता अडते ते वाचत. सुमनने ते थोडा वेळ बघितलं.

"कांदा चाळ कधी नीट बघितली का तुमी?" ती म्हणाली. "जमिनीपासून उचललेली असती. खालनं वारं, बाजूनं वारं. तिच्यात सहा-सहा महिने कांदा टिकतो, मग मानूस का टिकनार न्हाई?"

तसंच केलं. बस दगडी खांबांवर उचलायची, तळाला फटी ठेवून त्यांना जाळी, टपावर बांबूचे तट्टे आणि त्यांवर उसाच्या पाचटाचा जाड थर. मे महिन्यातल्या दुपारी आमच्याकडे आलेला माणूस आत पाऊल टाकून थबकतो, हे मी कितीदा पाहिलं आहे! दप्तरं ठेवायच्या रॅकवर माझी पुस्तकं बसली, दोन्ही बाजूंनी, शेवटपर्यंत. मागची काच फुटलेली होती, तिथे नवनाथने पत्रा मारला आणि त्याला लागून स्वयंपाकाचा ओटा केला. घरपट्टीसाठी ग्रामसेवक आले, ते चाकांकडे बघत राहिले. "हे घर की वाहन? उद्या घेऊन पळालात तर?" सुमन म्हणाली, "पळून कुठं जानार भाऊसाहेब, इंजिन तुमच्याच गावात इकलंय." तेही हसले, आणि घराची नोंद झाली.

हे सगळं तिचं. मी फक्त पुस्तकं लावली.

तिने मागितली होती एकच गोष्ट. बसचं तोंड रस्त्याकडे हवं. "एकोनीस वर्षं मी दारात हुभी ऱ्हायले," ती म्हणाली, "काच ड्रायव्हरला. आता मी काचेपुढं बसनार. रोज सकाळी पोरं जाताना दिसली पायजेत." नवी बस त्याच रस्त्याने जाते, तिने चढवलेली मुलं तिच्यात असतात — एवढंच मागणं. मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो?

रस्ता आमच्या पश्चिमेला आहे. बसचं दार डाव्या अंगाला असतं. तोंड पश्चिमेकडे केलं की दार कुठे येतं?

दक्षिणेला.

इथे मला थोडं माझ्याबद्दल सांगावं लागेल, आणि ते सांगायची लाज वाटते. दरवर्षी शाळेत अंधश्रद्धेवर बोलणारा माणूस मी. जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवणारा, अमावास्येला मुद्दाम नवी सायकल घेणारा. माझे एक सहकारी शिक्षक होते, त्यांच्या घराचं दार दक्षिणेला. लोक त्यांना घाबरवत होते, ते दार बुजवायला निघाले होते, आणि मी त्यांना अडवलं — तासभर बोलून, दिशा म्हणजे काय ते कागदावर काढून. तीन वर्षांनी त्यांची बायको गेली. त्या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. मला माहीत होतं, आजही माहीत आहे. पण त्यांच्याकडे भेटायला गेलो तेव्हा मी त्या दारातून आत जाताना क्षणभर थांबलो होतो. कोणी पाहिलं नाही. मी पाहिलं.

तर, बस जागेवर उभी करायची वेळ आली. सुमन भाचीच्या लग्नाला चार दिवस कोपरगावला गेली होती. आल्यावर करू, असं ठरलेलं होतं. मी नवनाथला दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

क्रेनने बस उचलली, आणि मी म्हणालो, तोंड आत, पूर्वेकडे.

"गुरुजी, काकू तर म्हनल्या हुत्या रस्त्याला."

"पुढचा भाग जड असतो. रस्त्याकडची माती काळी आहे, खचेल."

"इंजिन तर काढलंय की," तो हसून म्हणाला. "अन् तिथं माती कुठं, मुरूमच हाय."

"सांगतो तेवढं कर."

गृहपाठ न आणणाऱ्या मुलासाठी ठेवलेला आवाज होता तो. नवनाथने माझ्याकडे एकदा बघितलं आणि क्रेनवाल्याला हात केला. दार उत्तरेला आलं. बसची पाठ — काच नसलेली, पत्रा मारलेली पाठ — रस्त्याला.

आणि सुमनला? तिला मी काय सांगितलं? तिथेही मी स्वतःवर घेतलं नाही. म्हणालो, "नवनाथ म्हणाला, माती खचेल. माझं ऐकेना."

तिने बसची ती पाठ बघितली. मग म्हणाली, "असंल. त्याला त्यातलं कळतं." आणि पिशवीतून लग्नातले लाडू काढले.

चार वर्षं आम्ही तसे राहिलो. रोज सकाळी हॉर्न ऐकू यायचा आणि ती हातातलं टाकून उठायची. गुडघे दुखायचे तिचे. दाराच्या पायऱ्या उतरायच्या, मग अख्ख्या बसला वळसा घालून पलीकडे जायचं. बहुतेक वेळा तोवर फक्त धुरळा असायचा. कधी नव्या बसच्या मागच्या काचेतला एखादा हात. ती परत यायची आणि ओट्याशी उभी राहून पत्र्याकडे तोंड करून भाकरी थापायची. काचेपुढच्या खुर्चीत शेवटी मीच बसायचो — समोर शेजाऱ्यांचा ऊस — वाचत.

मी तेव्हाही सांगू शकलो असतो. क्रेन अर्ध्या दिवसात येते. मग काय आड येत होतं? दक्षिण? की "गुरुजी घाबरले" हे वाक्य? मी पुष्कळ विचार केला आहे. ते वाक्यच, बहुधा.

नवनाथ कधी काही दुरुस्तीला आला की ती त्याला सोडायची नाही. "काय रं मिस्तरी, एवढी बस हुभी केलीस, अन् तोंड फिरवायला तुजा जीव गेला व्हय?" नवनाथ मान खाली घालून हसायचा. "चुकलं काकू." माझ्याकडे बघायचासुद्धा नाही. आणि मी? मी चहाचा कप तोंडाला लावलेला असायचा.

तिसऱ्या वर्षी तिने रस्त्याच्या बाजूला शेवगा लावायला घेतला. मी आत होतो. टिकाव पडल्याचा आवाज आला, खणखणीत, दगडावर पडल्यासारखा. पुन्हा एक. पुन्हा एक. मग ती म्हणाली, "अहो, जरा इकडं या."

वीतभर खड्डा झाला होता. तिने वाकून मुरमाचा एक तुकडा उचलला आणि माझ्या तळहातावर ठेवला. "लई टनक हाय," ती म्हणाली. एवढंच. हात झटकले, आत गेली, चहा ठेवला. शेवगा तिने दुसरीकडे लावला.

त्या दिवसानंतर ती नवनाथला त्यावरून एकदाही बोलली नाही. तो आला की त्याला पोहे करायची, तो नको म्हणाला तरी.

तेव्हा मला कळलं की तिला कळलं आहे. आणि कळूनही मी गप्प राहिलो — हे पहिल्या खोट्याहून वाईट, असं मला वाटतं. खोटं बोललो ते एका सकाळी. गप्प बसलो ते रोज.

गेल्या हिवाळ्यात ती गेली. हृदयाचा त्रास, नगरच्या दवाखान्यात दोन दिवस. दार उत्तरेलाच होतं.

आणि गेल्या महिन्यात मी बस फिरवली.

हे मात्र मला नीट सांगू द्या, कारण असा दिवस माझ्या वाट्याला पुन्हा यायचा नाही. नवनाथने वायरी सोडवल्या, पाइप काढले. पुस्तकं रॅकवरच राहू दिली. क्रेनने पट्टे ओढले, आणि आमचं घर जमिनीपासून उचललं गेलं — पाचटासकट, ओट्यासकट, सुमनच्या डब्यांसकट — आणि हवेत डोलायला लागलं. तुम्हाला माहीत आहे का, अधांतरी लोंबणारी बस माणसाच्या हातांनी फिरते! दोन्ही टोकांना दोर, दोरांना गावातली दहा-बारा माणसं, आणि नवनाथ मधोमध ओरडतो आहे, "हळू! हळू! तिकडून ढिला सोड रं! गुरुजींचं वाचनालय हाय त्यात!" बस फिरत गेली. उसाकडून बांधाकडे, बांधावरून रस्त्याकडे. काचेवर ऊन चमकलं आणि माणसांनी एकदम आरोळी ठोकली. मी दोर धरून होतो. मीही ओरडलो. या वयात, भर रस्त्यावर, गळा फाटेपर्यंत ओरडलो. खांबांवर ती टेकली ती तसूभर हलली नाही. खाली मुरूम होता.

शेजारचे आण्णा जवळ आले. "गुरुजी, दार दक्षिनेला आलं की."

"येऊ द्या."

आण्णा सगळ्यांकडे वळले. "बघा! ह्याला म्हनत्यात शिकलेला मानूस. आपुन नुस्तं ऐकायचं, हे करून दावत्यात." मग टोपी-टॉवेल आणायला कोणीतरी पिटाळलं. माझ्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, टाळ्या वाजल्या. नवनाथ पलीकडे साखळी गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही.

मी तिथे बोलायला हवं होतं. सगळे समोर होते. मी हात जोडले.

म्हणून हे लिहिलं. त्या जागी माती नव्हती. नवनाथने मला कधीच काही म्हटलं नव्हतं. त्याचं नाव मी घेतलं, आणि ते नाव तो चार वर्षं वागवत राहिला. मला दक्षिणेची भीती वाटली, आणि ती वाटते हे कळू नये म्हणून मी माझ्या बायकोशी खोटं बोललो.

बस फिरवल्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी काचेपुढे बसलो. नवी बस आधी ओढ्याच्या पुलावर दिसली. मग चढ चढली, बाभळींमागे गेली, पुन्हा दिसली, अगदी समोरून गेली, आणि मग वळणापर्यंत दिसतच राहिली. इतका वेळ दिसते ती? मला माहीत नव्हतं. मुलांचे चेहरे ओळखू येतात. एका मुलीची रिबीन सुटून लोंबत होती, तीसुद्धा दिसली.

हे तिला रोज दिसलं असतं. चार वर्षं. मी ते दिसू दिलं नाही.