धुक्याच्या गाईंना पाणी

आवडत्या पुस्तकाचा दुसरा भाग फसला, तर ते तुम्ही लेखकाला तोंडावर सांगता, की पाठीमागे?

मी तोंडावर सांगायचं ठरवलं होतं. मोर्च्यांच्या पत्रकांवरून अक्षरं शिकवणाऱ्या घरात मी वाढले. खोटी स्तुती आमच्याकडे पाप. आणि लेखक काही परका नव्हता. शहापूरजवळच्या आमच्या वाडीवरच्या शाळेत ते गुरुजी होते. डोंगराच्या पोटात धुक्याच्या गाई पाळणाऱ्या म्हातारीची गोष्ट त्यांनी आधी आम्हा मुलांना सांगितली, मग छापली. त्या वर्षी म्हसाच्या गुरांच्या जत्रेत आम्ही पोरं खऱ्या बैलांकडे बघेनाच. धुक्याची गाय शोधत फिरलो.

काही वर्षांनी दुसरा भाग आला. म्हातारी राणी झाली होती. वेशी, तलवारी, सैन्य. गाई सुरुवातीलाच गायब. मी रागाने पत्रकच लिहून काढलं : 'वाचकांचा विश्वासघात!'

ते द्यायच्या आधीच गुरुजी आमच्या ओटीवर आले. बायका वाल सोलत बसल्या होत्या. "कसं वाटलं?" त्यांनी मला विचारलं.

"आधी यांना वाचून दाखवा," मी म्हणाले.

आमच्याकडे गोष्ट चालू असली की ऐकणाऱ्याने वाक्यावाक्याला 'हां' म्हणायचं असतं. गुरुजी वाचू लागले, पण पहिल्या वेशीपाशीच 'हां' बंद पडलं. नुसती वालाची सालं पडत राहिली.

"आन् गाई?" आत्याने विचारलं. "त्यांना पानी कोन पाजतंय? रानी तर नटून बसलीय."

बायका हसल्या. गुरुजी हसले नाहीत.

"भातसानगरला बदली झाली. खोलीत एकटाच लिहीत होतो, 'हां' म्हणायला कोणी नव्हतं," ते म्हणाले. "तिसरा भाग आता नको. जमत नाही मला."

"नको कशाला? तुमी सांगा, आमी हां म्हनतो. पन तलवारी घरी ठेवून या."

पत्रक मी त्यांना दिलंच. पुस्तक कमी पडलं होतं, हे मी आजही म्हणेन. फक्त मथळा खोडून वर लिहिलं : 'गाई परत आणा.' त्यांनी ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. मग पुस्तक मिटून म्हणाले, "गाई तहानेल्या होत्या."

"हां," आत्या म्हणाली.

तुमच्या कपाटातही असा एखादा फसलेला दुसरा भाग असेल. तो चार माणसांत मोठ्याने वाचा. ऐकणारे गप्प होतील तिथे पेन्सिलीने खूण करा आणि ती प्रत लेखकाला पोचवा. त्याने लिहिणं सोडायच्या आधी.