पोत्याची शिवण

वारजे तेव्हा पुण्यात आलं नव्हतं, गाव होतं. सासऱ्यांचं गव्हाचं बी अर्धा गाव पेरायला न्यायचा, कारण त्यात तणाचा दाणा सापडत नसे. पाखडायचं, निवडायचं काम माझ्याकडे होतं. त्या वर्षी बी भरायला नवऱ्याने शहरातून रेशनच्या गव्हाची रिकामी पोती आणली. ती झटकायची राहिली. राहिली म्हणजे मी झटकली नाहीत.

पेरणीच्या सकाळी चुलत सासरे एक पोतं घेऊन गेले. दुसऱ्यातला गहू मी सुपात घेतला, तर त्यात बारीक काळं बी. पोतं उलटं केलं. शिवणीत तेच अडकून बसलेलं. मी ओळखलं. आदल्या वर्षी रेशनचा गहू उतरतो त्या रेल्वेच्या मालधक्क्याच्या कडेचं पांढऱ्या फुलांचं नवंच गवत म्हशीला आणलं होतं, तेव्हा ओच्यात असंच बी पडलं होतं. माझे हात सुजले, खाजून रक्त आलं, दूध कडू झालं. आता सगळे त्याला गाजरगवत म्हणतात.

गप्प बसले असते तर गवत उगवेपर्यंत कुणाला कळलं नसतं. सासरे घरी नव्हते. चुलत सासऱ्यांशी मी तोवर एक शब्द बोलले नव्हते. ते दिसले की पदर ओढून आत जायचं, ही रीत. सूप टाकलं आणि त्यांच्या शेताकडे धावत सुटले.

पेरणीची पाभर चालू होती. चुलत सासूबाई चाड्यावर मूठ धरून बी सोडत होत्या. हाका मारून कुणी थांबेना, तेव्हा मी बैलांपुढे जाऊन उभी राहिले.

"अगं ए, मरायचंय का?"

"मामंजी, पेरू नका. बियात तण हाय. चूक माझी हाय."

"ओल उडून चाललीय आन् तू मला थांबवतीस? सासरा कुठं गेला तुझा?"

चुलत सासूबाईंनी मूठ उघडली. गव्हात तीन काळे कण.

"बघा तरी," त्या म्हणाल्या. "का बैलांनाच दाखवू?"

मामंजींनी पाहिलं. बैल सोडले. चार ओळी पेरून झाल्या होत्या.

उरलेलं बी आम्ही दोघींनी चाळून, कांबळ्यावर पसरून निवडलं. पेरणी दुसऱ्या दिवशी झाली. सासरे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. त्या चार ओळी मी दोन वर्षं खुरपल्या. एका झाडाला फूल धरू दिलं नाही. हातांना फोड आले, ते येणारच होते.

पुढच्या हंगामात चुलत सासरे बी न्यायला आले. स्वतःचं पोतं उलटं करून त्यांनी दारातल्या दगडावर आपटलं आणि शिवण माझ्यापुढे धरली.

"नीट बघ, सूनबाई. पुन्हा बैलांपुढं उभी राहू नगंस. बिचकत्यात ती."